भावोजींनी नागपूर तपासलं

जगात एकाही माणसावर, वस्तूवर किंवा बातमीवर विश्वास न ठेवता सत्तरी ओलांडलेला आणि तरीही गाढ झोपणारा माणूस बघायचा असेल, तर आमच्या धाकट्या भावोजींना बघावं. माझ्या सासूबाई सांगायच्या, की जन्मल्यावर सुईणीनं पाठीवर चापट मारली तर हे मूल लगेच रडलं नाही. आधी डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं आणि मग रडलं. सासूबाईंचं सगळंच खरं धरायचं नसतं, पण हे मी धरते. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा हे शाळेत जात होते. उंबऱ्यावरचं माप लवंडून मी आत आले, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि हे एकटे खाली बसून सांडलेले तांदूळ बोटानं चाळत होते. म्हणाले, "वहिनी, वरवर चांगले घातलेत. खाली कणी आहे." बाकीच्यांनी हसून घालवलं. मी मात्र वाकून बघितलं. खाली कणीच होती. तेव्हापासून आमचं दोघांचं बरं जमतं.

सरकारच्या हातून पुष्कळ चुका होतात, पण या माणसाला कस्टममध्ये घेतलं ही त्यातली नव्हे. त्यांना कलकत्त्याला पाठवलं, खिदिरपूरच्या गोदीत. जहाज लागलं की शिडीनं वर चढायचं आणि झडती घ्यायची, हे काम. खलाशी कुठे काय लपवतात ते भावोजी सुट्टीवर आले की आम्हाला सांगायचे. पाण्याच्या टाकीत, पिठाच्या पिंपात, इंजिनाच्या मागच्या पत्र्यात, एकदा तर देवाच्या तसबिरीमागे. हे ऐकल्यापासून आमचे सासरे पूजेला बसायच्या आधी प्रत्येक तसबिरीमागे हात फिरवून घ्यायला लागले. ठोकून बघण्याची सवय भावोजींना तिथलीच. पत्रा कसा वाजतो त्यावरून मागे काही आहे का ते कळतं म्हणे. नोकरी संपली, सवय राहिली. नारळ ठोकतात, कलिंगड ठोकतात, इथवर ठीक, सगळेच ठोकतात. हे कपाट ठोकतात, भिंत ठोकतात, भरून आलेलं गॅसचं सिलिंडर ठोकतात. एकदा डॉक्टरनं यांच्या छातीवर बोटं ठोकून पाहिली, तर यांनी त्यालाच विचारलं, "काय ऐकू आलं? आधी तुम्ही सांगा, मग मी सांगतो बरोबर आहे का."

लग्न केलं नाही. झालं असतं. मुलगी बघायला आम्हीच घेऊन गेलो होतो, देवगडजवळच्या एका गावात. मुलगी चांगली होती, कमी बोलणारी, डोळ्यांत हुशारी. पोहे आले, सगळ्यांनी खाल्ले आणि मुलीची आई म्हणाली, "हिनंच केलेत हो." झालं. भावोजींनी बशी खाली ठेवली आणि सरळ मुलीला विचारलं, "फोडणीत आधी काय घातलं?" ती म्हणाली, मोहरी. "मिरच्या चिरून का मोडून?" तिनं सांगितलं. "पोहे भिजत घातले की चाळणीत धुतले?" तिनं तेही सांगितलं. हे माझ्याकडे वळले आणि कानात म्हणाले, "वहिनी, खरं बोलते. हो म्हणा." आम्ही हो म्हटलं. मुलीनं नाही म्हटलं. मला तिचं अजून कौतुक वाटतं. भावोजींनाही वाटत असावं. मधेच कधीतरी चहा पिताना ते म्हणतात, "हुशार होती, वहिनी." कोण ते सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही.

पुढे माझ्या मुलाची बदली इकडे कलकत्त्याला झाली. तो रेल्वेत आहे. गार्डन रीचला क्वार्टर मिळालं आणि आमचे हे गेल्यावर मीही त्याच्याकडे राहायला आले. निवृत्त झालेले भावोजी खिदिरपूरलाच दोन खोल्या घेऊन राहत होते. आमच्याकडून बसनं गेलं की जवळच. मग दर रविवारी यांची स्वारी आमच्याकडे. आमच्या घरात ते पाहुण्यासारखे येत नाहीत, जहाजावर चढल्यासारखे येतात. दारात चपला काढतानाच नाकानं हवा घेऊन, "आज कुणीतरी बाहेरचं येऊन गेलं," असं म्हणतात. आलेलं असतं. इथल्या लोकांनी यांच्यापुढे हात टेकलेत. नोकरीवर आल्या आल्याच्या दिवसांत यांच्या ऑफिसातल्या एका बंगाली बाबूनं प्रेमानं सोंदेश, म्हणजे इथली छेन्याची मिठाई, आणून दिला. तो नेमका आत पाक भरलेला निघाला. भावोजींनी सवयीप्रमाणे खाण्याआधी मोडून बघितला आणि पाक बाहेर आला. हे त्या बाबूला म्हणाले, "बाहेरून कोरडा दिसतो. आत ओलं लपवायचं कारण काय?" तो बिचारा समजावत राहिला, की ही आमची जुनी कारागिरी आहे, लोक कौतुकानं खातात. भावोजी म्हणाले, "लपवणारे सगळे कारागीरच असतात." मासळीबाजारात तर यांना बघून कोळी पाटी झाकतात. एकदा एक जण ओरडून सांगत होता, पद्मेचा इलिश, पद्मेचा इलिश. पद्मा नदी म्हणजे तिकडे बांगलादेशात. भावोजी त्याच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "पद्मेचा आहे ना? म्हणजे हद्द ओलांडून आलाय. कागद दाखव." कोळ्यानं हात जोडले आणि कबूल केलं, की मासा डायमंड हार्बरकडचा आहे. भावोजींनी तोच घेतला. खरं बोललेला मासा त्यांना गोड लागतो.

या माणसाचा जगात एकाच जिवावर थोडासा भरवसा, तो म्हणजे माझी नात रेवा. थोडासाच. इथे आलो तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. शाळा इथली, मैत्रिणी इथल्या, त्यामुळे तिचं मराठी आमच्यापुरतं, आणि तेही बंगाली सुरात. आजोबा म्हणायच्या ऐवजी ती भावोजींना दादू म्हणते आणि अरे-तुरे करते. यांनी तिला लहानपणी दुसरे कुठले खेळ शिकवले नाहीत, लपवलेली वस्तू शोधायला शिकवलं. रविवारी येताना खिशात काहीतरी आणायचे आणि घरात कुठेतरी ठेवून द्यायचे. पोर घर उलटंपालटं करायची, सून कपाळावर हात मारायची. शेवटी रेवा त्यांच्यापेक्षा तरबेज झाली. ती त्यांच्या वस्तू लपवायला लागली आणि त्या त्यांना सापडेनात. चष्मा न मिळता घरी गेलेले भावोजी मी पाहिले आहेत. जाताना तोंडावर जे समाधान होतं, ते पेन्शन मिळाल्यावर नव्हतं.

तर ही रेवा बारावी झाली आणि नागपूरच्या एका कॉलेजात तिला जागा मिळाली. घरांचे, इमारतींचे नकाशे काढायचं शिक्षण, पाच वर्षांचं. पोरीनं त्यासाठी जीव टाकला होता. इथेही एका कॉलेजात दुसरंच काहीतरी शिकायला जागा होती, घरून बसनं जाण्यासारखी. आईबापाचं मन दोन्हीकडे. माझा मुलगा रेल्वेत मोठमोठ्या कागदांवर सह्या करतो म्हणतात, पण घरातली सही त्याला जमत नाही. तो म्हणाला, "काका बघतील. काका हो म्हणाले तर पाठवू, नाही म्हणाले तर इथेच." म्हणजे पोरीची पाच वर्षं जगात कुणालाच हो न म्हणणाऱ्या माणसाच्या हातात गेली. मला विचारलं असतं तर मी जा म्हटलं असतं. चौथीनंतर मला घरी बसवलं. बसून काय मिळतं ते मला ठाऊक आहे. पण मला कुणी विचारलं नाही. नागपूरच्या वसतिगृहात जागा धरून ठेवली होती, तिथल्या बाईंना आठवड्याच्या आत कळवायचं होतं. रेवा मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आजी, दादू नाही बोलला तर मी खरंच बंगाली घरांच्या मुलींसारखं उपास धरून बसणार." मी म्हटलं, "तुझा दादू उपासही तपासून बघेल. गप बस आणि तो सांगेल ते कर."

भावोजींनी काम हातात घेतलं ते नेहमीच्या पद्धतीनं. आधी बॅग. हो-नाही ठरलेलं नसताना बॅग भरायला लावली, कारण बॅग बघितल्याशिवाय माणूस कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. दिवाणखान्यात टेबल मधोमध ओढलं, त्यावर बॅग, एका बाजूला हे खुर्चीवर, दुसऱ्या बाजूला रेवा उभी. "जाहीर करण्यासारखं काही आहे?" "नाही, दादू." "उघडा." मग एकेक वस्तू बाहेर. टॉवेलची गुंडाळी सोडली तर आत नूडल्सची पाकिटं. सून म्हणाली, "अहो काका, घरातली नूडल्स आहेत ती, मीच दिलीत." "दिलीत तर वर ठेवा," हे म्हणाले. "लपवलं की चोरी, उघडं ठेवलं की सामान." बॅग रिकामी झाल्यावर तळ ठोकला, कडा दाबून बघितल्या, चाकं फिरवून बघितली. चाकांनाही काय विचारायचं असतं देव जाणे. पुन्हा भरायला लावली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली. रात्रीत कुणी काही घातलं असेल तर? आमच्या घरात, आम्ही चौघं असताना, कुणी काय घालणार? पण विचारायची सोय नाही.

मग तिला खिदिरपूरच्या बाजारात घेऊन गेले. जिथे परदेशी म्हणून माल विकतात, त्या गल्ल्यांत. खरं कुलूप आणि खोटं कुलूप यातला फरक दाखवला, अत्तराच्या बाटलीचं झाकण कसं बघायचं ते दाखवलं, आणि येताना एक अवजड कुलूप घेऊन आले, ते बॅगेपेक्षा जड. घरी बसून धडे. आगगाडीत खिडकीची जागा बदलून मागणाऱ्याला जागा द्यायची नाही. न मागता मदत करणाऱ्याला आधी नाव विचारायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायचं, दोन्ही वेळा एकच आलं तर बरं. पहिल्याच दिवशी गळ्यात पडणाऱ्या मैत्रिणीला आपलं सगळं सांगायचं नाही, तिला बोलू द्यायचं. वसतिगृहातली डाळ घट्ट असली तर का घट्ट आहे ते बघायचं. रेवा मान डोलवत होती. मधे मला म्हणाली, "आजी, इतकं सगळं बघत बसली तर मी नकाशे कधी काढणार?" भावोजींना ते ऐकू गेलं. "नकाशे काढशील," ते म्हणाले, "पण मागच्या दाराचा आधी काढ."

इथवर सगळं नेहमीचं होतं. पुढे त्यांनी जे केलं ते फक्त जन्मभर झडत्या घेतलेला माणूसच करू शकतो. वसतिगृह तपासायचं होतं, पण ते नागपूरला. तिथे जाऊन बघितलं तर त्यांना आधी कळणार, ते साफसफाई करून ठेवणार, मग खरं कसं कळणार? जहाजावर कळवून जातात का कधी? म्हणून यांनी आमच्यापैकी कुणाला न सांगता एका मिठाईवाल्याच्या फोनवरून नागपूरला फोन लावला. स्वतःचा नंबर कळायला नको म्हणून दुसऱ्याचा फोन. आणि मी मुलीचा मामा आहे, असं सांगितलं. रेवाला मामा नाही. तिच्या आईचं माहेरचं आडनाव त्या बाईंनी विचारलं तेव्हा यांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं. मुलगी यायची आहे, आल्यावर पहिल्या रविवारी मी तिला जेवायला बाहेर घेऊन जाईन, चालेल ना, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "हो, चालेल ना. या तुम्ही. चार वाजता या."

भावोजी तसेच तणतणत आमच्याकडे आले. रविवार नव्हता, तरी आले. त्यांनी सगळं सांगितलं आणि बसायच्या आधीच निकाल दिला. "नापास. नाव खोटं, नातं खोटं, तरी ये म्हणाली. आणि वेळ सुद्धा दिली! पोरगी तिथे जाणार नाही." माझ्या मुलानं माझ्याकडे बघितलं, सुनेनं मुलाकडे. रेवा उठली. आत गेली, आणि बॅगेतल्या वस्तू एकेक काढून पलंगावर ठेवायला लागली. दारातून मला ते दिसत होतं. टॉवेल, डबा, पट्ट्या, ते अवजड कुलूप. आवाज न करता. भावोजींनी मुढीची वाटी पुढे ओढली, म्हणजे आपले कुरमुरे, तेल-मिरची लावलेले, आणि खायला लागले. त्यांनाही ते दिसत होतं, पण ते तिकडे बघत नव्हते.

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. नागपूरच्याच बाई. त्यानं आवाज मोठा केला, आम्ही सगळे ऐकत होतो. बाईंचं मराठी तिकडचं, दणदणीत. "हे पहा, तुमच्या मुलीच्या नावानं आज एक माणूस फोन करून राहिला होता. मामा म्हणून सांगे. आईचं माहेरचं आडनाव फॉर्मवर एक, यानं सांगितलं दुसरंच. तुम्ही फॉर्मवर मामा नाही असं लिहिलंय. मी त्याला गोड बोलले आणि रविवारी चार वाजता बोलावलं. आला की धरते त्याला. पण तो कोण ते कळेपर्यंत मी तुमच्या मुलीला जागा देऊ नाही शकत. माझ्या घरी इतक्या लेकी आहेत, माझी जबाबदारी आहे."

माझा मुलगा म्हणाला, "कसा होता आवाज?"

"म्हातारा होता. आणि मामा असून असा विचारे, की गच्चीला कुलूप कोण लावतं आणि किल्ली कुणाकडे असते. कोणता मामा असं विचारतो?"

भावोजींचा मुढीचा हात वाटीतच थांबला. आतून रेवाचा आवाज आला, "दादू!" ती बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "दादू, तू? तू असा केला? माझी जागा गेली ना रे."

त्या माणसाला मी पन्नासाहून जास्त वर्षं बघतेय. चोराच्या तोंडावरचा रंग उडालेला त्यांनी पुष्कळदा सांगितला होता, स्वतःच्या तोंडावरचा त्या दिवशी दाखवला. मग उठले, मुलाच्या हातातला फोन घेतला आणि म्हणाले, "बाई, तो मीच होतो. मी मुलीचा आजोबा. कस्टममध्ये होतो. तुमची परीक्षा घेत होतो."

बाई म्हणाल्या, "पकडल्यावर सगळे असंच सांगतात."

भावोजींनी फोनकडे बघितलं. हे वाक्य त्यांनी गोदीत जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. ते म्हणाले, "बरोबर आहे. पण मी खरं सांगतोय." बाई म्हणाल्या, "तेही सगळे सांगतात." मुलानं फोन घेऊन सांगितलं, हे माझे काका आहेत. बाईंनी विचारलं, मग मघाशी आवाज कसा होता ते मला का विचारलं, आपल्या काकाचा आवाज ओळखत नाही का? मुलगा चाचरला. सुनेनं सांगून पाहिलं, तर बाई म्हणाल्या, तुम्ही दोघं घाबरून बोलून राहिले, तुमच्याशेजारी तोच बसला असेल. बसला होताच. शेवटी बाई म्हणाल्या, "घरात कुणी म्हातारं माणूस आहे का?" फोन माझ्याकडे आला.

"आजी, हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का?"

"माझा दीर आहे."

"खरं ना? कुणी जबरदस्ती नाही ना करून राहिलं?"

"माझ्यावर जबरदस्ती करणारा अजून जन्माला यायचाय," मी म्हटलं. "हा माणूस असाच आहे. जन्मल्यापासून. तुमचा काही दोष नाही. तुम्ही त्याला धरलात ते उत्तम केलंत, इतकी वर्षं कुणाला जमलं नव्हतं. पण पोरीची जागा काढू नका."

बाई म्हणाल्या, "तुमचं ऐकते, आजी. मुलीला जागा देते. पण या माणसानं खोटं नाव सांगून माझ्या वसतिगृहात शिरायला पाहिलं. का शिरायचं होतं ते मला नाही माहीत. याचं नाव माझ्या दारावर राहील. मुलगी आहे तोपर्यंत. याला आत सोडणार नाही, मुलीला याच्यासोबत बाहेर सोडणार नाही. आजोबा असो की कुणी असो. मान्य असेल तर सांगा, नसेल तर जागा दुसऱ्या मुलीला देते."

रेवा एकदम म्हणाली, "असं नाही. असं असेल तर मी जाणारच नाही. दादूला का नाही येऊ देणार?" मुलगा म्हणाला, "बाई, जरा समजून घ्या, ते वयस्कर आहेत." सून काहीतरी म्हणाली. मी भावोजींकडे बघत होते. ते उठून आले, फोनवर वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "बाई, मान्य. ठेवा. माझं नाव वर ठेवा. आणि नावावर जाऊ नका, नाव कुणीही बदलून येईल. मी फोटो पाठवतो. समोरून एक आणि बाजूनं एक." मग माझ्या मुलाकडे वळून म्हणाले, "पाठव पोरीला. मलाही आत सोडणार नाही म्हणते, ती दुसऱ्या कुणाला काय सोडणार."

रेवा रडली, भांडली, दादूशी दोन दिवस बोलली नाही. भावोजींनी मुलाकडून दोन्ही फोटो काढून घेतले. दिवाणखान्यातल्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहिले, एकदा समोर, एकदा बाजूला, मान ताठ करून. बाजूचा फोटो तीनदा काढायला लावला, कान नीट दिसत नव्हता म्हणून.

नागपूरला आम्ही सगळेच गेलो, भावोजीसुद्धा. मी विचारलं, "तुम्ही कशाला येता, आत तर सोडणार नाहीत." म्हणाले, "ते सोडत नाहीत ना, ते बघायला." आगगाडीत रेवा त्यांच्या शेजारी बसली होती आणि ते वाटेत चढणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होते. वसतिगृहाच्या फाटकाशी पोचलो तर बाई स्वतः बाहेर आल्या. उंच, केस घट्ट बांधलेल्या, हातात फोन. भावोजींकडे बघितलं, फोनकडे बघितलं, पुन्हा भावोजींकडे. बाजूला सरकून त्यांचा कान बघितला. "तुम्हीच का ते?"

"मीच."

"इथे फाटकाशी उभं राहायचं नाही."

"बरोबर आहे," भावोजी म्हणाले, आणि रस्ता ओलांडून पलीकडे कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. मुलगा, सून आणि रेवा बॅगा घेऊन आत गेली. वर जिने चढायचे होते, मी म्हटलं मी थांबते, आणि भावोजींपाशी जाऊन उभी राहिले. ऊन कडक होतं. यांच्या तोंडावर मात्र माणूस पास झाल्यावर दिसतो तसा आनंद. "वहिनी, बघितलंत? कान बघितला. तोंड रंगवता येतं, दाढी वाढवता येते, कान बदलता येत नाही. हे गोदीत नव्या पोरांना शिकवायला मला वर्षं लागायची. या बाईला कुणी शिकवलं?"

थोड्या वेळानं वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली आणि रेवा दिसली. तिनं हात केला. भावोजींनी पाहिलं, आणि लगेच वळून झाडाकडे तोंड केलं.

"अहो, पोरगी हात करतेय," मी म्हटलं.

"दिसलं. मी हात केला आणि बाईंनी बघितलं, तर म्हणतील ही त्या माणसाच्या संगनमतातली. मग तिच्यावर नजर ठेवतील. तिला पाच वर्षं राहायचंय इथे. तुम्ही करा हात."

मी केला. रेवा वरून काहीतरी ओरडली, गाड्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही. भावोजी झाडाच्या खोडाकडे बघत होते, जसं काही खोडातच काही दडवलंय.

"अजून आहे का?"

"आहे."

"काय करतेय?"

"हात करतेय. तुमच्या पाठीला."

त्यांनी हात पाठीमागे बांधले होते, त्यातला एक जरासा हलला, बोटं उघडून मिटली, एवढंच. बाईंना तेवढं दिसलं नसतं. रेवाला दिसलं असेल, तिला त्यांनीच शिकवलं होतं बघायला. मग आतून तिला कुणीतरी हाक मारली असावी. ती मागे वळून हसली, कुणाशी तरी बोलली आणि आत निघून गेली. खिडकी उघडीच राहिली.

"आहे का, वहिनी?"

मी खिडकीकडे बघितलं, यांच्या पाठीकडे बघितलं. मी खोटं बोलणारी बाई नाही.

"आहे," मी म्हटलं.

मुलगा आणि सून खाली येईपर्यंत त्यांनी मला तेच आणखी एकदा विचारलं. मी तेच सांगितलं. त्यांनी वळून बघितलं नाही.